जादा पाटा : मुळशीच्या वाटेवरील जीपची कमान

बावधन मागे टाकून पौड रस्त्याला लागणाऱ्या जीपगाड्यांत शनिवारी-रविवारी एक गोष्ट नजरेत भरते. गाडी ओळखीचीच असते, पण तिची उभी राहण्याची ढब निराळी असते. चाके मोठी, चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये वीतभर पोकळी, दारात चढायला पाय गुडघ्यापर्यंत उचलावा लागेल इतकी उंची. कारखान्यातून आलेले सस्पेन्शन काढून दुसरे बसवल्याची ही खूण. याला नव्या पैशाचा नवा छंद म्हणण्याची समाजमाध्यमांवर रीत आहे. छंद तो आहेच. नवा मात्र नाही. सह्याद्रीच्या या पट्ट्यात जीपच्या कमानी बदलून घेण्याचा व्यवहार निदान दोन पिढ्यांचा आहे आणि त्याची सुरुवात हौसेतून झालेली नाही, ओझ्यातून झाली आहे. हा धागा त्या ओझ्याचा आहे.

आधी थोडी शब्दांची ओळख. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जे लवते ते सस्पेन्शन. जुन्या जीपमध्ये हे काम पोलादी पट्ट्यांची चवड करते. सर्वांत लांब पट्टी वर, तिच्याखाली क्रमाने आखूड होत जाणाऱ्या पट्ट्या, मधोमध सगळ्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि चवडीला आसाशी जखडणारे दोन यू-बोल्ट. गॅरेजच्या भाषेत हे ‘पाटे’. पाट्याचे एक टोक सांगाड्याला पक्के असते. दुसरे टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीत असते, कारण पाटा दबला की सपाट होतो आणि सपाट झाला की लांबीने वाढतो. त्या वाढीला जागा हवी. यानंतर जे काही येईल ते या चवडीत पट्टी घालण्याचे, काढण्याचे किंवा चवडीची जागा बदलण्याचे प्रकार आहेत.

दख्खनच्या रस्त्यावर लवणारी कमान उशिरा आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत देशावरचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून घाट उतरत असे. ज्या काही गाड्या होत्या त्यांची चाके भरीव लाकडाची किंवा दगडाची असत आणि एकेका गाडीला बैलांच्या अनेक जोड्या लागत. गव्हर्नर जॉन माल्कम यांनी १० नोव्हेंबर १८३० रोजी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. त्याच दशकात लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूरच्या वाटेवर टेंभुर्णीला सुधारित, हलक्या बैलगाड्या बनवण्याचा कारखाना काढला. आरे, तुंबा आणि लोखंडी धाव असलेले चाक आले, तरी आस आणि साटा यांच्यामध्ये लवणारे काहीच नव्हते. रस्त्यावरचा प्रत्येक दगड धान्याच्या पोत्याला आणि माणसाच्या मणक्याला सारखाच कळत असे.

लवणारा पाटा आला तो घोड्याच्या गाडीबरोबर. लंडनच्या ओबडाया इलियट या कारागिराने १८०४ साली लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. समोरासमोर ठेवलेल्या दोन धनुष्यांसारखी ही कमान थेट आसावर बसत असे आणि त्यामुळे बग्गीचा अवजड लाकडी कणा अनावश्यक ठरला. पुण्याच्या टांग्याखाली दिसणारे पाटे याच कुळातले. मोटार आली तेव्हा तिने ही चवड जशीच्या तशी उचलली. ट्रक, बस, जीप या सर्वांच्या पोटाखाली इलियटच्या कल्पनेचा अर्धा भाग, म्हणजे एकच धनुष्य, आजवर टिकून आहे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात इतकी दीर्घायुषी वस्तू क्वचितच सापडते.

आता जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याला एक हलकी, चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी हवी होती. विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. या गाडीचा सैन्यातला वर्गच ‘पाव टन’ असा होता. सुमारे अकराशे किलो वजनाच्या त्या गाडीचे पाटे तेवढ्याच ओझ्याच्या हिशोबाने आखलेले होते. पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड आस, चारही कोपऱ्यांत पाटे आणि तेलाचे नळकांडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. गॅरेजमध्ये त्यांना शॉकअप म्हणतात. एक बारकावा सांगण्यासारखा आहे : या जीपमध्ये आसाची नळी पाट्यांच्या वर बसते, म्हणजे पाटे आसाच्या खाली असतात. गाडी बुटकी राहावी, उलटू नये, शत्रूच्या नजरेत कमी भरावी यासाठी ही रचना सोयीची होती. पुढे हाच बारकावा हौशी लोकांच्या कामी आला.

जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पोलाद व्यापाराची पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. ऑक्टोबर १९४७ मध्ये विलीज कंपनीकडून सुट्या भागांच्या रूपात ७५ गाड्यांची पहिली खेप आली, १९४९ पासून माझगावला जोडणी सुरू झाली आणि १९५४ पासून हळूहळू भाग इथेच बनू लागले. जीप अशी मुंबईची झाली. जलसिंचन खात्याचे अभियंते, वनाधिकारी, मामलेदार, साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि निवडणुकीतले उमेदवार यांना तिने गावोगाव पोचवले. त्या काळात ‘जीप आली’ याचा अर्थ ‘सरकार आले’ असा घेतला जाई.

या सरकारी जीपचे पाटे सहसा कोणी बदलत नसे. तुटला तर नवा घालत, बसला तर लोहाराकडे नेऊन तापवून पुन्हा कमान चढवत. चित्र पालटले ते जीप खाजगी भाडोत्री झाल्यावर.

मुळशी खोऱ्याची घडण इथे ध्यानात घ्यावी लागते. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी १९२० च्या दशकात मुळा-निळा संगमाजवळ धरण झाले. सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालचा सत्याग्रह १९२१ मध्ये सुरू झाला तो याच धरणाविरुद्ध. सत्याग्रह मोडला, गावे पाण्याखाली गेली. जी गावे आणि वाड्या जलाशयाच्या काठाने उरल्या त्यांच्या वाटा पाण्याला वळसे घालत, उतरणीवरून, ओढ्यांतून जाऊ लागल्या. पावसाळ्यात ताम्हिणीच्या बाजूला पाऊस असा कोसळतो की कच्चा रस्ता दरवर्षी नव्याने करावा लागे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एसटीने महाराष्ट्राचा मोठा भाग जोडला. परंतु फाट्यावर उतरून चार-पाच मैल चालणे हे डोंगरातल्या वाडीचे प्राक्तनच राहिले.

ती पोकळी भरून काढली वडापने. पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी : वडाप म्हणजे माणसे भरली की सुटणारी भाड्याची जीप. वेळापत्रक नाही, तिकीट नाही, थांबा नाही. हात केला की थांबते आणि जागा नसली तरी जागा होते. ऐंशीच्या दशकात डिझेल इंजिने आल्यावर हा धंदा परवडू लागला. महिंद्रची लांब कमांडर, आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि नंतर मार्शल या गाड्या तालुक्याच्या गावापासून शेवटच्या वाडीपर्यंत फिरू लागल्या. मागच्या भागात समोरासमोर दोन बाक, टपावर दुधाचे कॅन आणि पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारी दोन-तीन माणसे. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मॅक्सीकॅबला चालक सोडून जास्तीत जास्त बारा प्रवासी नेता येतात. वडापमध्ये बारावा माणूस चढे तेव्हा गाडी अर्धी रिकामी समजली जाई.

वीस माणसे सरासरी पंचावन्न किलोची धरली तरी अकराशे किलो होतात. टपावरचे सामान निराळे. मूळ पाव-टनी जीप स्वतः रिकामी असताना जितकी वजनदार होती तितके ओझे तिच्या धाकट्या भावंडाच्या पाठीवर बसत होते. कमांडरचे पाटे मूळ जीपपेक्षा दणकट होते, तरी या ओझ्याखाली ते सपाट होत, आस सांगाड्याच्या रबरी ठोकळ्यावर आपटे आणि अखेर मुख्य पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकत असे. भोकापाशीच का, तर तिथे धातू सर्वांत कमी आणि ताण सर्वांत जास्त.

यावरचा उपाय म्हणजे जादा पाटा.

उपाय साधा होता आणि म्हणूनच सर्वत्र पसरला. पुण्यात नाना पेठेत वाहनांचे सुटे भाग मिळत. जुन्या ट्रकचा निघालेला पाटाही चाले. मिस्त्री चवड सोडवी, आखूड पट्ट्यांच्या मध्ये एक किंवा दोन पट्ट्या सरकवी, लांब यू-बोल्ट घाली, आणि गाडीचा मागचा भाग दोन-तीन बोटे वर येई. या कामामागचे गणित मिस्त्रीने पुस्तकात वाचलेले नसे, पण ते चोख होते. पाट्याचा कडकपणा पट्ट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो : एकाच जाडीच्या आठ पट्ट्यांत नववी घातली की सुमारे साडेबारा टक्के. जाडीचा परिणाम मात्र घनाच्या पटीने होतो. पट्टीची जाडी दहा टक्क्यांनी वाढवली तर ती एकतृतीयांशाने कडक होते, दुप्पट केली तर आठपट. ट्रकची एकच जाड पट्टी जीपच्या तीन पट्ट्यांचे काम करते ती यामुळे. आणि तिच्यामुळे गाडी लाकडासारखी ताठ होते तेही यामुळेच.

कमान बदलण्याच्या प्रत्येक प्रकाराला किंमत असते. जादा पाट्याची किंमत रिकाम्या गाडीत कळे. सकाळी माणसांनी दबलेली जीप संयमाने घाट चढे. रात्री एकटा चालक घेऊन परतताना तीच मागून उडत असे. मागची चाके खड्ड्यावरून हवेत उचलली गेली की ना ब्रेकला पकड, ना वळणाला. पुढचे पाटे बहुधा तसेच ठेवलेले असत, त्यामुळे रिकामी गाडी नाकावर झुके. भरलेली असताना उलट घडे, नाक वर आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत. ब्रेक मूळचेच, टायर मूळचेच, सांगाडा मूळचाच. वाढली ती फक्त सोसण्याची ताकद. गाडीने जास्त ओझे सोसले म्हणून ती जास्त ओझ्यासह थांबू शकते असे होत नाही. वडापचे अपघात वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर वर्षानुवर्षे छापून आले. त्यांत चालकाचा वेग आणि भरलेली माणसे मोजली गेली, पाटे क्वचितच.

तरीही वडापला निव्वळ बेकायदा धंदा ठरवून मोकळे होणे इतिहासाला शोभणारे नाही. अडलेल्या बाळंतिणीला, साप चावलेल्या माणसाला, शहरात दूध पोचवणाऱ्या गवळ्याला आणि हायस्कूलच्या मुलींना जी गाडी मिळाली ती हीच. तिचा जादा पाटा हा रस्त्याच्या आणि एसटीच्या अभावावर काढलेला पोलादी तोडगा होता. तो धोकादायक होता हे खरे. त्याला पर्याय डोक्यावर पाटी घेऊन पायी जाणे हा होता हेही तितकेच खरे.

कागदोपत्री या बदलाचा मागमूस नाही. गाडीच्या आरसी बुकात व्हीलबेस, वजन, आसनसंख्या असे तपशील असतात. पाटे किती हे त्यात लिहिलेले नसते. महाराष्ट्राच्या ग्रामीण दळणवळणाचा इतका महत्त्वाचा बदल नोंदवणारे एकमेव दफ्तर म्हणजे मिस्त्रीचे हात. अशा मिस्त्र्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम मौखिक इतिहासाच्या अभ्यासकांनी हाती घ्यावे. ती पिढी आता सत्तरीकडे झुकली आहे.

नव्वदच्या दशकानंतर रस्ते सुधारले, बोलेरो आणि सुमोसारख्या बंद गाड्या आल्या आणि जुन्या एमएम ५४०, एमएम ५५०, सीजे ५०० डी या जीप स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. त्या घेणारा ग्राहक निराळा होता. पुण्यात, मुंबईत नोकरी किंवा धंदा करणारा, गडकिल्ल्यांवर भटकणारा, चिखलात गाडी घालण्यातच आनंद मानणारा. बावधन, भूगाव, पिरंगुट या पट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहिल्या आणि दारातून निघून तासा-दीड तासात ताम्हिणीच्या तोंडाशी पोचणे शक्य झाले.

या माणसाने जीप घेतल्यावर सर्वप्रथम केलेली गोष्ट मोठी मजेशीर आहे. त्याने वडापवाल्याने घातलेला जादा पाटा काढला.

कारण त्याची गरज नेमकी उलटी होती. वडापला ओझे हवे होते, त्याला लवचिकता. याचे कारण खडकाळ वाटेत दिसते. अखंड आस तराजूच्या दांडीसारखा वागतो : डावे चाक दगडावर चढले की उजवे आपोआप खाली दाबले जाते. जोवर चारही चाके जमिनीला टेकलेली आहेत तोवर गाडी पुढे सरकते. एक चाक हवेत लोंबकळले की साध्या डिफरन्शियलमुळे सगळी ताकद त्याच रिकाम्या चाकाकडे धावते आणि ते नुसते गरगरत राहते. म्हणून पाटा जितका मऊ आणि लांब तितके चाक खाली पोचते. लांबीचेही गणित घनाचे आहे. पाटा दहा टक्के लांब केला तर तो सुमारे पंचवीस टक्क्यांनी मऊ होतो. कमी पट्ट्यांचे, मधे जाड आणि टोकांकडे निमुळते होत जाणारे पॅराबोलिक पाटे याच कारणाने हौशी लोकांच्या आवडीचे झाले. त्यांतील पट्ट्या एकमेकींना जवळजवळ घासत नाहीत. जुन्या चवडीत गंज आणि चिखल साचून सगळ्या पट्ट्या एका ठोकळ्यासारख्या वागू लागतात, तसे इथे होत नाही. मात्र घर्षणाने जो धक्का आपसूक जिरत होता तोही जिरायचा थांबतो, म्हणून चांगले शॉकअप घालणे भाग पडते. एक वस्तू बदलली की दुसरी बदलावी लागते. या छंदात खिसा रिकामा होतो तो असा.

दुसरा बदल उंचीचा. इथे महायुद्धातला तो बारकावा परत येतो. आस पाट्यांच्या वर आहे. तो सोडवून पाट्यांच्या खाली बसवला की आसाच्या नळीची जाडी आणि पाट्यांच्या चवडीची जाडी मिळून सांगाडा चार-पाच इंच वर उचलला जातो. नवे पाटे नकोत, परदेशी किट नको; आसावर पाटा टेकायच्या बैठका नव्याने वेल्ड केल्या की झाले. ‘एक्सल खाली घेणे’ हे काम साधे वाटल्यामुळे अनेकांनी ते केले. पण यातही फसगत आहे. गाडीचे पोट पाच इंच उंचावते, डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तिथेच राहतो, कारण तो आसाचा भाग आहे आणि आसाची उंची ठरवतो तो टायर. आधी पाट्याखाली लोंबणारे यू-बोल्ट आणि पट्टी यांचा अडसर दूर होतो एवढाच तिथला फायदा. मोठे टायर मावतील अशी जागा तयार करणे हा या उंचीचा खरा उपयोग. त्या बदल्यात स्टिअरिंगची दांडी तिरपी होते आणि खड्ड्यात गाडी स्वतःहून वळू पाहते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून त्याचे क्रॉस लवकर झिजतात. जोर लावला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा पिळवटतो. आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो. ताम्हिणीच्या वळणावर पाच इंच हे फार मोठे अंतर आहे.

दरम्यान जगात पाट्यालाच पर्याय उभा राहिला होता. १९७० मध्ये ब्रिटनच्या रेंज रोव्हरने अखंड आस ठेवून चारही कोपऱ्यांत कॉइल स्प्रिंग बसवल्या. १९७९ मध्ये मर्सिडीजच्या जी-वॅगननेही तेच केले. अमेरिकी रँग्लर १९९७ च्या मॉडेलपासून त्या वाटेने गेली. पाटा दोन कामे एकट्याने करतो, ओझे पेलतो आणि आसाला जागेवरही धरतो. कॉइल फक्त पेलते, म्हणून आस धरायला निराळ्या दांड्या लागतात. खर्च वाढतो, पण मऊपणा आणि नियंत्रण यांची फारकत होते आणि दोन्ही मनासारखे साधता येतात. भारतात लष्करापासून रॅलीपर्यंत सर्वांची लाडकी जिप्सी १९८५ मध्ये आली ती पाट्यांवर आणि उत्पादन थांबेपर्यंत पाट्यांवरच धावली. गरीब देशात दुरुस्ती स्वस्त असणे हा गुण मऊपणापेक्षा मोठा मानला गेला आणि त्यात चुकीचे काही नव्हते. कॉइल तुटली तर खेड्यातला लोहार काय करणार?

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये महिंद्रने थार आणली. तिच्या सीआरडीई प्रकारात पुढे टॉर्शन बारवरचे स्वतंत्र सस्पेन्शन होते आणि मागे पाटे. एकाच गाडीत शहरी पुढा आणि खेडवळ पाठ. हमरस्त्यावर ती जुन्या जीपपेक्षा सरळ चाले. दगडांत मात्र पुढच्या दोन चाकांतला तो तराजू नाहीसा झालेला असल्याने चाक लवकर हवेत जाई. जुन्या जीपचे भक्त यावर बराच काळ धुसफुसत होते. ज्यांना परवडले त्यांनी पुढे पुन्हा अखंड आस बसवून घेतला, म्हणजे कारखान्याने केलेली सुधारणा पैसे देऊन उलटवली. पुण्याच्या फोर्स मोटर्सने, म्हणजेच पूर्वीच्या बजाज टेम्पोने, २०१७ च्या सुमाराच्या गुरखात पुढे-मागे अखंड आस आणि कॉइल स्प्रिंग अशी हौशी माणसाला हवी होती नेमकी ती जोडी दिली. २०२१ च्या गुरखात मात्र पुढे स्वतंत्र डबल विशबोन आले. बाजार मोठा व्हायचा तर हमरस्त्यावर बसणाऱ्या कुटुंबाचे ऐकावे लागते.

२ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या, नाशिकला बनणाऱ्या नव्या थारने पाटे पूर्णपणे सोडले. पुढे डबल विशबोन, मागे दांड्यांनी धरलेला अखंड आस, सर्वत्र कॉइल. २२६ मिलिमीटर मोकळी उंची आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या पाच दारांच्या रॉक्समध्ये मागचा आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून वॉट्स लिंकेज आहे. हे वॉट म्हणजे तेच, वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट. दांडा सरळ रेषेत हलावा यासाठी त्यांनी १७८४ मध्ये शोधलेली जोडणी दोनशे चाळीस वर्षांनंतर नाशिकच्या गाडीखाली आली. (जाता जाता एक योगायोग : महिंद्र पेढीचा जन्म २ ऑक्टोबरचा, थार बाजारात आली २ ऑक्टोबरला, आणि ज्या चांदणी चौकातून या गाड्या मुळशीकडे वळतात तिथला जुना पूल स्फोटकांनी पाडला गेला तो २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर.)

एवढे मिळूनही लोक सस्पेन्शन बदलतातच. दीड-दोन इंचांची लिफ्ट, मोठे टायर, गॅस भरलेले शॉक. आता मात्र कायदा त्यांच्याकडे पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात निकाल दिला : नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. सुटे भाग आणि वाहने तपासून प्रमाणित करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे, बावधनपासून टेकडीपलीकडे कोथरूडच्या बाजूला. मात्र एखाद्या मालकाने आपली एकच बदललेली जीप तिथे नेऊन ‘ही सुरक्षित आहे का ते पाहा’ असे सांगावे आणि रीतसर कागद घेऊन यावे, ही वाट सामान्य माणसासाठी सुलभ नाही. परिणामी चांगले काम आणि वाईट काम एकाच अंधारात होते. मोजमाप करून, ब्रेकच्या नळ्या लांबवून, स्टिअरिंगचा कोन दुरुस्त करून केलेली लिफ्ट आणि स्प्रिंगवर नुसता ठोकळा ठेवून केलेली लिफ्ट, दोन्ही कायद्यापुढे सारख्याच.

या धाग्यातली खरी विसंगती इथे आहे. वडापच्या काळात वीस माणसांचा जीव ज्या पाट्यावर टांगलेला होता तो कोणी मोजला नाही, कारण तो चवडीत लपलेला होता आणि तो लावणारा गरीब होता. आजची लिफ्ट चौकातून दिसते, म्हणून ती अडवली जाते. बहुतेक वेळा तिच्यात दोन माणसे आणि एक थर्मास असतो. याचा अर्थ लिफ्टवाल्यांना मोकळे सोडावे असा घेऊ नये. २०१३ मध्ये ताम्हिणीला अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे आणि तिथल्या ओढ्यांत, दगडांत, जंगलवाटांत टायर घालणाऱ्यांना अडवायलाच हवे. तपासणीचे निकष मात्र जोखमीवरून ठरावेत, डोळ्यांना खुपण्यावरून ठरू नयेत.

पाटा संपलेला नाही. बोलेरोच्या मागच्या आसाखाली तो आजही आहे, तिच्या पिकअपखाली तर अधिकच जाड. पौड आणि मुळशीच्या बाजूने आंबेमोहराची पोती, भाजीच्या जाळ्या, गणपतीच्या मूर्ती आणि लग्नाचे मांडव घेऊन हे पिकअप पुण्याकडे येतात. त्यांतल्या कित्येकांच्या मागच्या चवडीत कारखान्याने न घातलेली एक पट्टी असते. बाकीच्या पट्ट्या गंजून तांबूस झालेल्या असतात आणि ती एकच काळी कुळकुळीत असते, त्यावरून ती ओळखता येते.